लोटनच्या नावाची मूठ

मशेरी भाजायचं ताईबाईच्या हाताला जे वळण होतं, ते चोपड्याच्या त्या गल्लीत दुसऱ्या कोणाच्या हाताला नव्हतं. तंबाखू तव्यावर पसरायची, आच मंद ठेवायची आणि करपण्याच्या जरा अलीकडे तवा खाली घ्यायचा. ती वेळ घड्याळात सापडत नाही, नाकात सापडते. शनिवारी तिच्या घरातून तो घशाला झोंबणारा वास निघाला, की गल्लीतल्या बायका आपापल्या डब्या घेऊन तिच्या ओट्यावर येऊन बसत. बेचाळीस वर्षांपूर्वी, ती नवी नवरी असताना, दाढ दुखते म्हणून सासूनं पहिल्यांदा बोटावर मशेरी दिली होती. दाढ पुढे पडून गेली. मशेरी राहिली.

दिवसातून पाच वेळा ती दात घाशी. एकादशीलाही. "मशेरी काय खान्यामा धरतस का?" असं ती म्हणे, आणि बायका माना डोलवत. अलीकडे डाव्या गालात आतून तिखट झोंबायचं. ती सुनेला सांगे, हल्ली मिरच्याच जहाल येतात, बेतानं टाकत जा.

नवरा वारल्यापासून घरात माणसं तीनच. ती, मुलगा लोटन आणि सून नूतन. लोटन केळीच्या ट्रकवर भरणी करी. छत्तीस वर्षांचा, अंगानं दणकट, स्वभावानं गरीब. पण संध्याकाळचे सहा वाजले की त्याचे पाय आपोआप गुत्त्याकडे वळत. शुद्धीत असताना त्यानं कधी आईसमोर आवाज चढवला नाही. मात्र संध्याकाळी सहानंतर तो शुद्धीत असल्याचं गेल्या दहा वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी कानबाई देवीच्या उत्सवात मात्र जे घडायचं नाही ते घडलं.

त्यांच्या भाऊबंदांची कानबाई धुळ्याला बसते, रुपचंद आबांच्या घरी. आबा म्हणजे ताईबाईचे थोरले जेठ, नवऱ्याचे सगळ्यात मोठे भाऊ. श्रावणात नागपंचमीनंतरच्या शनिवारी सगळी घरं तिथं जमतात. रोटासाठी गहू मोजायचा मान आबांचा. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू निघतो, पाळण्यातल्या पोराच्या नावानंसुद्धा. त्या गव्हाचे गोड रोट होतात आणि ते फक्त घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत. रविवारी कानबाई बसते. सोमवारी तिला डोक्यावर घेऊन, वाजतगाजत, पांझरा नदीवर नेऊन शिरवतात, पाण्यात सोडतात.

गेल्या वर्षीच्या त्या मिरवणुकीत लोटन सकाळीच पिऊन नाचत होता. नाचता नाचता तो कानबाई डोक्यावर घेतलेल्या बाईवर जाऊन आदळला. पाट कलला आणि लुगडं-नथ ल्यालेलं कानबाईचं नारळ भर रस्त्यात पडून घरंगळत गेलं. ढोल थांबला. कोणी शिवीसुद्धा दिली नाही. आबांनी वाकून नारळ उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि शांतपणे म्हणाले,

"पुढला साले लोटनना नावनी मूठ निघाव नही."

मूठ फक्त मेलेल्याची थांबते. परतीच्या एसटीत अमळनेर येईपर्यंत नूतन खिडकीबाहेर बघत होती. मग सासूकडे न पाहता एवढंच म्हणाली, "मंग मी आते कोनं कुंकू लावू, माय?"

ते वाक्य ताईबाईच्या काळजात रुतून बसलं. तिनं होळीपर्यंत आबांकडे निरोपांवर निरोप पाठवले. शेवटी आबांचा उलट निरोप आला: पाडव्यापासून कानबाईपर्यंत पोरानं थेंब घेतला नाही, तर मूठ निघेल.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ती लोटनला घेऊन जळगावच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेली. तिथं ज्योत्स्नाबाई म्हणून समुपदेशक होत्या, मध्यम वयाच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी लोटनला बरंच विचारलं, डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेतल्या आणि मग सहज म्हणाल्या, "घरात आणखी कोणाला काही व्यसन?"

"नही वं बाई," ताईबाई म्हणाली. "याना बाप सुपारीबी खाय नही."

लोटन खाली मान घालून बसला होता. तो हळूच हसला. "माय, नि तुनी डबी?"

"ती मनी सवय शे, भो!" ताईबाई भडकली. "सवय निराळी नि येसन निराळं. मशेरी घाशीसन मी कधी गटारमा पडनू का?"

ज्योत्स्नाबाईंनी चष्मा खाली घेतला. "आजी, तो सोडणार, त्याला घरात कोणाची तरी सोबत झाली तर बरं होईल. तुम्हीपण सोडून बघा ना."

"माले काय! आज सोडस. आतेच सोडस."

"बघा हं. सवय मोडली की चार दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, मग माणूस विसरतो. पण त्या वस्तूपायी घरच्यांशी खोटं बोलायची वेळ आली, तर समजायचं की ती सवय नव्हती."

ताईबाईनं कमरेची डबी काढून तिथंच टेबलावर ठेवली. अशी ठेवली, की आवाज झाला. लोटननं आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात दहा वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं. बाहेर आल्यावर रिक्षा थांब्यावर तो म्हणाला, "माय, तू सोडशी ना, तं मी बी सोडसू. तू दम धरी तवलोंग मी बी दम धरसू." कानबाईची आण घेऊन दोघांनी एकमेकांच्या हातावर हात मारला.

पाडव्याच्या दिवशी दोघांनी सुरुवात केली.

पहिला दिवस ताईबाईनं तोऱ्यात काढला. दुसऱ्या दिवशी डोकं असं धरलं की दिवसाचा उजेड नकोसा झाला. पोट साफ होईना. नूतननं भांडं आदळलं म्हणून ती तिच्यावर ओरडली, मग स्वतःच कोपऱ्यात बसून रडली. कशासाठी रडतो आहोत ते तिला कळेना. लोटनची अवस्था तर तिच्याहून वाईट होती. अंगाला कापरं, घाम, रात्रंदिवस उलट्या. तशातही तिसऱ्या दिवशी तो भिंतीला धरून उठला, दुकानात गेला आणि आईच्या डोक्याला लावायला बामची डबी घेऊन आला. हिरव्या झाकणाची, छोटी. त्यानं आपल्या थरथरत्या बोटांनी तिच्या कपाळाला बाम चोळला. "माय, आज तिसरा दिन," तो म्हणाला. "दोनी जन निघी जासूत."

चौथ्या दिवशी ताईबाई शेजारच्या भुरीबाईकडे विरजण मागायला गेली. भुरीबाई मशेरी लावून अंगणात बसली होती. "नुसता वास लेऊ दे," ताईबाई म्हणाली. भुरीबाईनं डबी पुढे केली. वास घ्यायला बोट आत घालावं लागत नाही. ताईबाईनं घातलं.

दुपारी तिनं बामची डबी धुऊन कोरडी केली आणि भुरीबाईकडची मशेरी तीत भरली.

आता ती ठेवायची कुठं? घराचा कानाकोपरा नूतन झाडी. फडताळ, गोधड्यांची वळकटी, चुलीमागचा कोनाडा, कुठंच सुरक्षित नव्हतं. पण कानबाईच्या रोटाचा गहू चैत्रातच निवडून, पत्र्याच्या डब्यात भरून, तोंडाला पांढरं फडकं बांधून देवाजवळ ठेवलेला असे. त्या डब्याला पारोसं कोणी शिवत नसे, आणि ताईबाईखेरीज तर कोणीच शिवत नसे. डबी गव्हात खोल गेली.

तेव्हापासून ती रोज पहाटे अंघोळ करून, ओल्या केसांनी देवाजवळ जाई. किडा लागला का बघते म्हणून फडकं सोडी. दिवसातून आणखी एकदोनदा हात धुऊन पुन्हा जाई. नूतन गल्लीत सांगायची, "आमच्या सासूबाईंचं कानबाईवर केवढं मन आहे! गव्हाला डोळ्यात तेल घालून जपतात."

आपण काय करतो आहोत ते ताईबाईला कळत नव्हतं असं नाही. पण मनाशी ती म्हणे, पूर्वी पाच वेळा घाशीत होते, आता तीनच वेळा. म्हणजे सुटतच आली की. कानबाईपर्यंत दोनवर आणू, मग एकदम बंद. आणि पोराला कळलं नाही, तर पोराचं काय बिघडतं?

पोराचं मात्र सगळं तिच्यावर उभं होतं. संध्याकाळी सहा वाजता तो कामावरून सरळ घरी येई आणि ओट्यावर तिच्यासमोर उकिडवा बसे. हात मांड्यांत दाबून धरी, कारण ते कापत. गुत्ता गल्लीच्या टोकालाच होता. तिथला आरडाओरडा ओट्यावर ऐकू यायचा.

"माय, तुले आठवन येस का वं?"

"येस ना. येवानीच."

"मंग तू काय करस?"

"मी तिकडे दखत नही."

"मंग मी बी दखत नही." असं म्हणून तो खरंच गल्लीच्या टोकाकडे पाठ करून बसे. साडेसात वाजले, की त्याचे हात थांबत. मग तो हसून आत जाई आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात दोन रेघा मारी. एक स्वतःची, एक आईची. बोलण्याआधी ताईबाई बडीशेप चघळून तोंड धुऊन येत असे.

असे दिवस गेले. वैशाख गेला, आषाढ आला. लोटनच्या गालांवर मांस चढलं. नूतननं पहिल्यांदाच हौसेनं हिरव्या बांगड्या भरल्या आणि बांगडीवाल्याला मनगट दाबू नका म्हणून लाडानं सांगितलं. गल्लीतले टवाळ लोटनला 'महाराज' म्हणून हाक मारू लागले. तोही "बोल रे बच्चा" म्हणून आशीर्वाद देऊ लागला.

नागपंचमीनंतरच्या शनिवारी तिघं धुळ्याला निघाली. निघण्यापूर्वी ताईबाई देवाजवळ गेली. गव्हाच्या डब्यातून डबी काढून ठेवायची, असं तिनं आदल्या दिवशीच ठरवलं होतं. हातात घेतलीही. मग तिच्या मनात आलं, तीन दिवस. भरलेलं घर, चाळीस माणसं. कमरेला ठेवावी तर लुगडं बदलताना बायकांना दिसणार, पिशवीत ठेवावी तर नूतनच्या हाती लागणार. गहू दळायला द्यायच्या आधी डबा आपल्याच ताब्यात असतो. पोचल्यावर कोपरा बघून काढून घेऊ. तिनं डबी पुन्हा गव्हात खुपसली आणि फडक्याला दोन गाठी मारल्या.

रस्त्यानं गाडी अशी उडत होती की डबा मांडीवर धरून तिचे हात भरून आले.

आबांच्या घरी पाय ठेवला तेव्हा सगळे त्यांचीच वाट बघत खोळंबले होते. "उना का महाराज!" आबांचा मुलगा ईश्वर ओरडला आणि त्यानं लोटनला मिठी मारून त्याच्या तोंडाचा वास घेतला. सगळे हसले. लोटनही हसला. ताईबाई आत वळणार, एवढ्यात मोठ्या जावेनं, आबांच्या बायकोनं, तिच्या हातातून डबा घेतलाही. "तुम्ही आधी पानी प्या. आबा कवयना बठेल शेत," असं म्हणून तिनं तो ओसरीवर आबांसमोर नेऊन ठेवला.

ताईबाई दाराआड उभी राहिली, डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढून. बेचाळीस वर्षांत ती जेठांसमोर एकदाही तोंडानं बोलली नव्हती. बोलायचं ते जावेमार्फत. डबा मागून घ्यायला तिच्याजवळ तोंडच नव्हतं.

आबांनी गाठी सोडल्या. पितळी ताटात एकेकाच्या नावानं मुठी पडत होत्या. आबांची स्वतःची. ईश्वरची. मधल्या जेठाच्या मुलांची. त्या त्या घरच्या गव्हातून त्या त्या घरच्या मुठी. मग आबांनी चोपड्याचा डबा जवळ ओढला, लोटनकडे पाहिलं आणि म्हणाले, "लोटन दयाराम." लोटननं हात जोडले. नूतननं पदर डोळ्याला लावला.

आबांचा हात गव्हात गेला आणि वर आला तो काळा होऊन.

गव्हाच्या दाण्यांना काळी पूड चिकटली होती. ओसरीवर तो उग्र, जळका वास पसरला. आबांनी पुन्हा हात घातला आणि हिरव्या झाकणाची डबी बाहेर काढली. झाकण निघालेलं होतं.

"हाई काय शे?"

ईश्वर पुढे झाला. "दारू सोडी नि हाई गांजाबिंजा धरा का रे, महाराज? नि तोबी कानबाईना गहूमा?"

लोटननं डबी पाहिली. ती त्यानंच आणली होती. तिसऱ्या दिवशी, भिंतीला धरून चालत जाऊन. त्यानं दाराकडे, पदराखालच्या आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. आपण नाव घेणार नाही, असं जणू त्यानं त्याच क्षणी ठरवलं.

"बोल ना रे," आबा म्हणाले. लोटननं मान वर केली नाही. आबांनी हातातला गहू पुन्हा डब्यात सोडला. तळहात झटकला. "ईश्वर, डबा उचल. मूठ नही."

नूतनच्या तोंडून बारीक आवाज निघाला, तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा.

ताईबाई उंबऱ्याच्या आतच होती. एक श्वास गेला, दुसरा गेला. आपण गप्प राहिलो तर पोर गप्पच राहील, हे तिला त्याच्या मानेवरून कळत होतं. तिसऱ्या श्वासाला ती उंबऱ्याबाहेर आली.

"आबा, ती मनी शे. मशेरी शे. त्यानी काही चूक नही."

चाळीस माणसांनी तिच्याकडे पाहिलं. आणि मग मोठी जाऊ खळखळून हसली. "अगं बया, मशेरी!" ईश्वर हसला. आबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी पूड नाकाजवळ नेऊन हुंगली आणि मान हलवली.

"मशेरीच शे. जीव घाबरा करा ना, लोटननी माय! आमनी घरवालीबी घासस. बाईमाणूसनी सवय ती. येसन थोडंच शे?" त्यांनी मोठ्या जावेला सांगितलं, "पाखडी ल्या, दोन पानीमा धुई ल्या, वाळाडा. कानबाई माय समजी लेस बठ्ठं."

गहू पाखडला, धुतला, वाळवला. लोटनच्या नावाची सव्वा मूठ ताटात पडली. बायकांनी ताईबाईची थट्टा केली, कोणी म्हणालं, आता कानबाईलाही घासायला लागणार. कोणी तिला एक शब्द रागाचा बोललं नाही. एवढी मोठी गोष्ट एवढ्या स्वस्तात सुटली, तरी ताईबाई दाराशीच बसून राहिली.

लोटन तिच्याजवळ येऊन बसला. तसाच उकिडवा, ओट्यावर बसायचा तसा.

"कवयपासून, माय?"

खोटं बोलायला अजून जागा होती. कालपासून म्हणता आलं असतं, परवापासून म्हणता आलं असतं. पण तिच्यात आता त्राण उरलं नव्हतं. "चौथा दिनपासून."

तो मनाशी हिशेब करत असावा. "एकशे चोवीस दिन," तो म्हणाला. "मी रोज दोन दोन रेघा मारी ऱ्हायंतू." तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त मांड्यांत हात दाबून धरले.

आतून जावेनं हाक मारली, "कोनी गूय आना रे, गूय कमी पडी ऱ्हायना."

"मी आनस, काकू," लोटन उठला. पायताण घालून, पिशवी झटकून तो रस्त्याला लागला. ताईबाईनं देवघरावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला दहा मिनिटं कमी होती.

गूळ शेवटी ईश्वरनं आणला.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी तिला पांझरेवर नेलं. नूतन गर्दीतला एकेक चेहरा पाहत होती. ताईबाई गुडघाभर पाण्यात उतरली. पदराखाली तिच्या मुठीत ओसरीवरून परत उचललेली ती डबी होती, झाकण दाबून बसवलेली. नारळाबरोबर ती पाण्यात सोडायची असं ठरवूनच ती आली होती. बायकांनी गाणं उचललं, नारळ पाण्यावर डुलत पुढे गेलं, बायका एकेक करून काठाकडे वळल्या. ती उभीच. मूठ उघडेना. जावेनं हाताला धरून बाहेर काढलं तेव्हा लुगडं भिजलं होतं आणि मूठ तशीच होती.

मंगळवारी त्या दोघीच चोपड्याला परतल्या, फडक्यात लोटनच्या वाट्याचे रोट बांधून. तो घरी पोचलेला होता. ओट्यावर, भिंतीला टेकून. शर्टाची गुंडी तुटलेली, हनुवटीवर खरचटलेलं. नूतन त्याला ओलांडून आत गेली. आतून बांगड्या उतरवून फडताळावर ठेवल्याचा आवाज आला.

ताईबाई त्याच्यासमोर बसली. रोट मोडून तिनं तुकडा त्याच्या हातात दिला. "खा भो. तुना नावना शे."

त्यानं तो घेतला.

"डॉक्टरकडे जाऊत का परत?" ती म्हणाली. "ज्योत्स्नाबाईकडे? या खेपे मी खरंच..."

"कसाले वं, माय?" तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते बघवेना. "मनमा उनं का सोडी दिसू. सवय शे. येसन थोडंच शे?"

तो रोट चावू लागला. तिनंही एक तुकडा तोंडात घातला. गोड रोट, त्यात मिरचीचा लवलेश नाही. तरी डाव्या गालात आग पडली. तिनं घास इकडून तिकडे फिरवला, गिळला. गल्लीच्या टोकाला गलका सुरू झाला होता. लोटननं मान वळवून तिकडे पाहिलं.

तिचा हात कमरेला गेला.

लोटननं ते पाहिलं. उरलेला रोट त्यानं खिशात टाकला, भिंतीला धरून उठला आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागला.